बँकॉकचा शिक्का

जालन्यात बी-बियाणं आणि खतांच्या धंद्यात असलेल्या माणसाला बँकॉक नवं नाही. हंगामाचं टार्गेट पूर्ण करणाऱ्या विक्रेत्यांना कंपन्या टूर देतात आणि ती टूर बहुतेक वेळा थायलंडचीच असते. चार रात्री, पाच दिवस, निम्मे पट्टायात आणि निम्मे बँकॉकात. परतूरच्या किंवा मंठ्याच्या बाजारपेठेत कृषी सेवा केंद्र चालवणारा माणूस आयुष्यातला पहिला पासपोर्ट काढतो तो पुष्कळदा या टूरपायीच. सळई-सिमेंटचे डीलर, मोटारपंपांचे वितरक यांचंही तसंच. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको सुरू केली, तेव्हापासून बियाण्यांसाठी जालन्याचं नाव देशभर झालं. पुढे औद्योगिक वसाहतीत सळईचे कारखाने उभे राहिले. ज्या घरांत कोणी कधी विमानतळाची पायरी चढलं नव्हतं, अशा कितीतरी घरांत या धंद्यांनी पासपोर्ट आणला.

पासपोर्ट काढणं आता पूर्वीइतकं जिकिरीचं राहिलेलं नाही. जानेवारी २०१७ पासून केंद्र सरकारने टपाल कार्यालयांत पासपोर्ट सेवा केंद्रं उघडायला सुरुवात केली. त्यामुळे एके काळी जिल्ह्याबाहेर खेपा घालून होणारं काम आज जालन्यात पोस्टात होतं. दीड हजार रुपये फी, पोलीस पडताळणी, मग पुस्तिका टपालाने घरी. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पाही खुला झाला आणि सकाळी जालन्याहून निघालेला माणूस मुंबईचं रात्रीचं विमान निवांत गाठू लागला. रस्ता झाला, पुस्तिका आली, तिकीटही आवाक्यात आलं. मात्र इमिग्रेशनच्या खिडकीसमोर उभं राहिल्यावर काय विचारतात, का विचारतात आणि काय सांगायचं, हे जिल्ह्यात कोणी सांगत नाही. ती जागा एजंटाने भरून काढली आहे. काही एजंट प्रामाणिक आहेत. काही माणसं विकतात. हा लेख लिहायला घेतला तो या दुसऱ्या प्रकारच्या एजंटांमुळे.

सगळा घोळ 'व्हिसा लागत नाही' या तीन शब्दांपासून सुरू होतो. पूर्वी भारतीयांना बँकॉकला उतरल्यावर दोन हजार बाट भरून पंधरा दिवसांचा व्हिसा घ्यावा लागे. १० नोव्हेंबर २०२३ पासून थायलंडने भारतीयांना तीस दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेश दिला आणि १५ जुलै २०२४ पासून ही सवलत ९३ देशांच्या नागरिकांना साठ दिवसांची केली. ही मुदत पुन्हा तीस दिवसांवर आणण्याची भाषा थाई मंत्री २०२५ च्या मार्चपासूनच करू लागले. तेव्हा शेजाऱ्याने मागच्या वर्षी काय केलं ते विचारून भागणार नाही. तिकीट काढण्याआधी थाई दूतावासाचं संकेतस्थळ स्वतः उघडून पाहावं.

व्हिसा नको म्हणजे चौकशी नको, असं आपली माणसं धरून चालतात. खरं तर व्हिसा असतो तेव्हा कागदपत्रांची छाननी दूतावासात आधीच झालेली असते. व्हिसा नसला की तीच छाननी विमानतळावरच्या अधिकाऱ्याला उभ्या उभ्या, दोन-तीन मिनिटांत करावी लागते. म्हणून व्हिसामुक्त देशात उतरणाऱ्याने जास्त तयारीने जायला हवं.

तपासणी सुरू होते ती मुंबईतच, विमान कंपनीच्या चेक-इन काउंटरवर. प्रवेश नाकारलेल्या प्रवाशाला परत आणण्याची जबाबदारी विमान कंपनीवर येते, त्यामुळे पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक आहे का, परतीचं तिकीट आहे का, हे तिथला कर्मचारी आधी बघतो. पुढे आपल्या ब्युरो ऑफ इमिग्रेशनची खिडकी. जुलै २०१७ पासून भारतीयांना देश सोडताना फॉर्म भरावा लागत नाही, पण कुठे, कशासाठी, किती दिवस, हे विचारायचा अधिकाऱ्याला अधिकार आहे आणि तो विचारतो.

थायलंडच्या बाजूने १ मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड आलं आहे. उतरण्याआधीच्या तीन दिवसांत ते ऑनलाइन भरायचं, त्यात विमानाचा क्रमांक आणि मुक्कामाचा पत्ता द्यायचा, आणि आलेला क्यूआर कोड मोबाइलमध्ये ठेवायचा. याला एक रुपयाही लागत नाही. तरीही सरकारी दिसणाऱ्या खोट्या संकेतस्थळांवर लोक डॉलर भरतात, आणि टूरवाल्यांपैकी काही जण 'कार्डाचे' म्हणून वेगळे पैसे घेतात.

सुवर्णभूमी विमानतळावर रांग पुढे सरकते. अधिकारी पासपोर्ट घेतो, कॅमेऱ्याकडे बघायला सांगतो, बोटांचे ठसे घेतो. पुष्कळदा एक शब्द न बोलता शिक्का मारतो. विचारलंच तर परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि खर्चाचे पैसे, एवढंच विचारतो. दहा ते वीस हजार बाट हाताशी असावेत अशी अपेक्षा असते. बाटचा भाव अडीच रुपयांच्या वर धरला तर ही रक्कम पंचवीस ते पन्नास हजार रुपयांच्या घरात जाते. गटाने जाणाऱ्यांचे सगळे कागद टूर मॅनेजरच्या फाइलमध्ये असतात आणि तो पाच माणसं मागे उभा असतो. अधिकारी हॉटेलचं नाव विचारतो, ते प्रवाशाला ठाऊक नसतं, आणि शेतीत किंवा दुकानात दिवसभर खंबीरपणे व्यवहार करणारा माणूस तिथे गडबडून जातो. यावर उपाय साधा आहे. तिकीट, हॉटेलचं नाव-पत्ता आणि कंपनीचं पत्र यांची एकेक प्रत प्रत्येकाच्या खिशात असली पाहिजे. टूर मॅनेजरने ती दिली नाही तर मागून घ्या.

अधिकाऱ्याचा रोख कशावर असतो, हे थायलंडच्या १९७९ च्या इमिग्रेशन कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. प्रवेश नाकारण्याची जी कारणं त्याच्या बाराव्या कलमात दिली आहेत, त्यांत देशात राहण्यापुरतं उपजीविकेचं साधन नसणं आणि मजुरीसाठी येणं ही दोन आहेत. म्हणजे प्रश्न कितीही विचारले तरी त्याला जाणून घ्यायचं असतं ते इतकंच की हा माणूस स्वतःच्या पैशाने राहून परत जाणार, की इथे काम शोधणार.

हाच प्रश्न थाई माणसालाही दुसऱ्या देशाच्या दारात विचारला जातो, आणि त्याचा त्याला होणारा त्रास आपल्यापेक्षा कमी नाही. दक्षिण कोरियात थाई नागरिकांना १९८१ पासून व्हिसा लागत नाही. पण तिथे मुदत उलटूनही राहिलेल्या थाई कामगारांची संख्या दीड लाखाच्या आसपास गेली आणि सोलच्या इंचॉन विमानतळावर प्रत्येक थाई प्रवाशाकडे संशयाने पाहिलं जाऊ लागलं. प्रवासाआधी ऑनलाइन परवानगी घ्यायची, ती मिळाली तरी उतरल्यावर वेगळ्या खोलीत बसून उत्तरं द्यायची, खिशात किती पैसे, नोकरी काय, पगार किती, कोणत्या दिवशी कुठे जाणार. नोकरीत स्थिर असलेल्या, हॉटेल-तिकीट हातात असलेल्या लोकांनाही परत पाठवलं गेलं. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये थाई समाजमाध्यमांवर कोरियावर बहिष्कार घालण्याची मोहीमच उसळली आणि विषय थेट थाई पंतप्रधानांपर्यंत गेला. पुढच्या वर्षी कोरियाला जाणारे थाई पर्यटक घटले. बँकॉकच्या खिडकीत आपल्याला प्रश्न विचारणाऱ्या अधिकाऱ्याच्या नात्यातल्या कुणालातरी सोलमध्ये हेच प्रश्न विचारले गेले असतील. मुदत उलटून राहिलेल्यांचा भुर्दंड मागून येणाऱ्या सगळ्यांना बसतो. आपणही हे लक्षात ठेवलं पाहिजे, कारण थायलंडमध्ये मुदतीनंतर राहणाऱ्याला दिवसाला पाचशे बाट दंड आहे, वीस हजार बाटपर्यंत. नव्वद दिवसांहून जास्त राहिलं तर पुन्हा प्रवेशावर बंदी येते.

आता त्या दुसऱ्या एजंटांविषयी.

मोबाइलवर जाहिरात येते. थायलंडमध्ये डेटा एंट्री, किंवा 'डिजिटल सेल्स अँड मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह'. संगणक येत असावा, थोडं इंग्रजी यावं. पगार इथल्यापेक्षा कितीतरी पट, राहणं-खाणं कंपनीचं, तिकीटही कंपनीचं. मुलाखत व्हिडिओ कॉलवर, दहा मिनिटांत निवड. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्येच या जाहिरातींबद्दल, याच पदनामासह, सावध केलं होतं. एजंट मुलाला बजावतो, इमिग्रेशनला फिरायला चाललो म्हणून सांग. परतीचं तिकीट काढून देतो, ते वापरायचं नसतंच. म्हणजे मुलगा मुंबईतल्या खिडकीत खोटं बोलतो, बँकॉकच्या खिडकीतही खोटं बोलतो, आणि दोन्हीकडे शिक्का पडतो.

विमानतळाबाहेर गाडी उभी असते. ती बँकॉक शहरात शिरत नाही. वायव्येला सात-आठ तास चालत राहते आणि म्यानमारच्या सीमेवरच्या माए सोत गावाला पोहोचते. तिथे मोई नदी आहे. पलीकडच्या काठावर म्यावाडी. छोट्या होडीतून रात्री नदी ओलांडली की मुलगा ना थायलंडचा पर्यटक उरतो, ना म्यानमारचा कायदेशीर पाहुणा. पासपोर्ट काढून घेतलेला असतो. पुढे उंच भिंतींच्या आवारात दिवसाला पंधरा-सोळा तास संगणकासमोर बसून जगभरच्या लोकांना फसवायचं. खोटी प्रेमप्रकरणं, खोटी गुंतवणूक. टार्गेट चुकलं की मारहाण, विजेचे झटके. सुटायचं तर लाखो रुपये मागतात. गावाकडे आई-वडिलांना फोन येतो तो असा.

भारत सरकारने १० आणि ११ मार्च २०२५ रोजी हवाई दलाची विमानं पाठवून माए सोतहून ५४९ भारतीयांना परत आणलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये महाराष्ट्र सायबरने म्यानमारमधून साठहून अधिक भारतीयांची सुटका केली आणि पाच जणांना अटक केली. यातल्या मुलांनाही आधी पर्यटक म्हणून थायलंडला नेलं होतं आणि तिथून नदीपलीकडे. ऑक्टोबरमध्ये म्यानमारच्या लष्कराने केके पार्क या कुप्रसिद्ध आवारावर छापा घातल्यावर आणखी शेकडो भारतीय नदी ओलांडून थायलंडमध्ये पळून आले, त्यांना नोव्हेंबरात विमानाने आणावं लागलं. इमिग्रेशन ब्युरोच्या ज्या आकडेवारीचा २०२४ मध्ये बराच गवगवा झाला, ती पाहिली की या प्रकरणाचा पसारा कळतो. जानेवारी २०२२ ते मे २०२४ या काळात पर्यटक म्हणून कंबोडिया, थायलंड, म्यानमार आणि व्हिएतनामला गेलेल्या ७३,१३८ भारतीयांपैकी २९,४६६ जण परतल्याची नोंद नव्हती. त्यातले वीस हजारांहून अधिक थायलंडला गेलेले. महाराष्ट्रातले तीन हजारांच्या वर. हे सगळेच कोंडलेले आहेत असं नाही. पण यातली किती मुलं मराठवाड्यातली, याची तालुकावार यादी जिल्हा प्रशासनाने मागवायला काय हरकत आहे? कापसाचा भाव पडलेला, मोसंबीच्या बागा पाण्याअभावी तोडलेल्या, हाती पदवी आणि नोकरी नाही, अशा मुलांना ही जाहिरात बरोबर गाठते.

इथे एक गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. दहावी पास नसलेल्या माणसाच्या पासपोर्टवर 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड' असा शेरा असतो. बोलताना त्याला सगळे 'ईसीआर' म्हणतात. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली असा पासपोर्टधारक अठरा देशांत कामाला चालला असेल, तर त्याला आधी प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सकडून मंजुरी घ्यावी लागते. या अठरांत सौदी, कतार, ओमान आहेत हे सगळ्यांना माहीत असतं. थायलंडही आहे, हे फार थोड्यांना. या मंजुरीकडे लोक कटकट म्हणून बघतात, पण त्यात कामगाराचाच फायदा आहे. मालकाचा करार सरकारदरबारी नोंदवला जातो, दहा लाखांचा प्रवासी भारतीय विमा मिळतो आणि त्याचा दोन वर्षांचा हप्ता फक्त २७५ रुपये आहे. नोंदणीकृत एजंटाने कामगाराकडून सेवाशुल्क घ्यायची कमाल मर्यादा तीस हजार रुपये अधिक जीएसटी आहे. जो एजंट दोन-दोन लाख मागतो आणि वर 'टुरिस्ट म्हणून जा, ईसीआरची भानगड नको' असं सांगतो, तो मंजुरी टाळतो आहे आणि तिच्याबरोबर त्या कामगाराचा विमा, करार आणि तक्रारीची जागाही घालवतो आहे. पदवीधर मुलाच्या पासपोर्टवर हा शेरा नसतो, त्यामुळे त्याला अडवणारी ही खिडकीच नाही. सायबर टोळ्यांचं लक्ष पदवीधरांवर असण्याचं हेही एक कारण असावं, असं मला वाटतं.

परतीच्या वाटेवरही सापळे आहेत. 'बँकॉकची फुकट ट्रिप, येताना एक बॅग आणायची', हा त्यातला सगळ्यात मोठा. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजावरची बंदी उठवली, त्यानंतर तिथून हायड्रोपोनिक गांजा घेऊन येणारे प्रवासी मुंबईच्या कस्टम्सने पकडल्याच्या बातम्या नित्याच्या झाल्या आहेत. पकडली जाणारी बहुतेक माणसं पहिल्यांदा विमानात बसलेली, थोड्या हजारांसाठी बॅग उचललेली असतात. बॅग देणारा रांगेत नसतो. आपल्या कायद्यात वीस किलोच्या पुढचा गांजा ही व्यापारी मात्रा आहे आणि तिला दहा ते वीस वर्षांची सक्तमजुरी आहे. दुसऱ्याची बॅग, दुसऱ्याचा खाऊ, दुसऱ्याची भेटवस्तू, काहीही उचलू नका, देणारा सख्ख्या नात्यातला असला तरी.

आणखी एक प्रकार घडतो आणि तो घरोघरच्या लाजेतून घडतो. घरच्यांना न सांगता बँकॉकला गेलेले काही जण शिक्के लपवण्यासाठी पासपोर्टची पानंच फाडतात. मुंबई विमानतळावर अशा प्रकरणांत पश्चिम महाराष्ट्रातल्या प्रवाशांवर २०२४ आणि २०२५ मध्ये गुन्हे दाखल झाले. पासपोर्ट ही सरकारची मालमत्ता आहे, ते पुस्तिकेवरच छापलेलं असतं, आणि तिच्याशी छेडछाड हा १९६७ च्या पासपोर्ट कायद्याखाली गुन्हा आहे. सहलीला जाणं गुन्हा नव्हता. पान फाडलं आणि झाला.

थायलंडहून आपल्याकडे येणाऱ्यांविषयीही बोललं पाहिजे. २०२३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत थायलंडचे ११० भिक्खू बुद्धधातू, म्हणजे बुद्धांचे अस्थिअवशेष, घेऊन परभणीहून दादरच्या चैत्यभूमीपर्यंत पायी चालत गेले. गावोगावचे उपासक-उपासिका पांढरी वस्त्रं नेसून रस्त्याच्या कडेला उभे होते. मराठवाड्यातल्या अनेक विहारांत आज थायलंडहून आलेल्या बुद्धमूर्ती आहेत. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी-मार्च २०२४ मध्ये, भारताने सारिपुत्त आणि महामोग्गलान या अर्हतांचे सांचीला जतन केलेले धातू बुद्धधातूंसह थायलंडला दर्शनासाठी पाठवले. बँकॉक, चिआंग माई, उबोन राचाथानी आणि क्राबी या ठिकाणी मिळून चाळीस लाखांवर लोकांनी दर्शन घेतलं. त्याच सांचीच्या स्तूपावरच्या दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांची नावं कोरलेली आहेत. भोगवर्धन म्हणजे आपलं भोकरदन. तिथल्या उत्खननात सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतल्या पाँपेईला सापडलेल्या मूर्तीशी इतकी जुळते की या गावचा व्यापार दोन हजार वर्षांपूर्वी कुठवर पोहोचला होता, याची कल्पना येते. अजिंठ्याला येणाऱ्या थाई यात्रेकरूला भोकरदन फार दूर नाही. त्याला तिथे नेणारं मात्र कोणी नाही.

एप्रिल २०२५ मध्ये पंतप्रधानांनी बँकॉकमध्ये थाई पर्यटकांसाठी मोफत ई-व्हिसाची सवलत सांगितली. म्हणजे थाई माणसाला भारतात यायला व्हिसा लागतोच, फक्त त्याचे पैसे लागत नाहीत. १ ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी पाहुण्यांना आपल्याकडेही ऑनलाइन आगमन कार्ड भरावं लागतं. १ सप्टेंबर २०२५ पासून जुने चार कायदे जाऊन इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अ‍ॅक्ट हा एकच कायदा लागू झाला. पाहुणा ठेवणाऱ्याने चोवीस तासांत त्याची माहिती कळवायची, हे जुनं बंधन त्यातही कायम आहे. ते फक्त मोठ्या हॉटेलांना आहे असा समज आहे. तसं नाही. विहार, धर्मशाळा, लॉज, एखाद्याचं घर, सगळ्यांना ते लागू आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी पोलीस अधीक्षक हे परदेशी नागरिकांचे नोंदणी अधिकारी असतात. वर्षावासात किंवा धम्म परिषदेला थाई भंते गावात मुक्कामाला येणार असतील, तर विहार समितीने ही नोंद वेळेत ऑनलाइन करून घ्यावी. न केल्यास भंतेंनाच पुढे विमानतळावर उत्तरं द्यावी लागतात. आपण आदराने बोलावलेल्या पाहुण्यावर ती वेळ आपल्या अज्ञानामुळे येऊ नये.

१९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाण्याचा हक्क हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला आणि त्यानंतरच आपला पासपोर्ट कायदा झाला. हा हक्क मंठ्याच्या दुकानदाराचा आहे तितकाच घनसावंगीच्या ऊसतोड कामगाराच्या मुलाचा आहे. त्याला तो नीट बजावता यावा म्हणून जालन्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा कौशल्य विकास केंद्रात आठवड्यातून एक दिवस परदेशी जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शन कक्ष सुरू करावा. एक जाणकार कर्मचारी, एक संगणक, एवढ्याने भागेल. पासपोर्टची पोलीस पडताळणी करायला येणारा शिपाई घरोघरी जातोच. त्याच्या हाती एका पानाचं मराठी पत्रक द्यावं. ग्रामसभेत ते वाचून दाखवावं.

तोवर आपल्या ओळखीतलं कोणी 'बँकॉकला नोकरी लागली' म्हणून सांगत आलं, तर पेढे खाण्याआधी त्याला तीन गोष्टी विचारा. एजंटाचं नाव केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर आहे का? थायलंडचा कामाचा, म्हणजे 'नॉन-इमिग्रंट बी' वर्गाचा व्हिसा हातात आहे का? आणि इमिग्रेशनला काय सांगायला शिकवलंय? तिसऱ्याचं उत्तर 'फिरायला चाललोय म्हणून' असं आलं, तर त्याला गाडीत बसू देऊ नका. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करून तक्रार द्या. मुलगा आधीच गेला असेल आणि फोन लागत नसेल, तर लोक काय म्हणतील याचा विचार करत एकही दिवस घालवू नका. त्याच्या पासपोर्टची झेरॉक्स घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात जा आणि बँकॉकच्या भारतीय दूतावासाला त्याच दिवशी ईमेल करा.